करडईची पिशवी

जिंतूर रोडच्या माळावर, बंद पडलेल्या खदानीत आमची रेंज.
सहा फायर पॉइंट, सहा शहाबादी फरश्या,
समोर मुरमाचा बांध.
दुपारी बांधापुढं ऊन उकळतं
आणि टारगेट पाण्यात पडल्यासारखं हलतं.

पहिल्या दिवशी मी पिशवीवर नळी टेकवली.
'नळी कामून टेकवायलीस, अयोध्या?'
वाघंबरकाकांनी चहाचा स्टीलचा पेला तळहातावर ठेवला,
चमच्यानं वाजवला. टण्ण.
मग मुठीत आवळून वाजवला. टप.
'नळी बी आसंच बोलती. तिला बोलू दे.
टेकवायचं ते लाकूड.'

पिशवीत आधी गंगाखेडची वाळू होती.
भिजली की दगड.
काळी माती भरून पाहिली, तिची ढेकळं झाली.
ज्वारीला सोंडे लागले.
शेवटी करडई. गुळगुळीत दाणा,
थोडा सरकतो, मग शेजारच्याला अडतो
आणि तिथंच राहतो.
शब्बीर टेलरनं जुन्या जीनच्या पायाची शिवली,
मागच्या छोटीला सशाचे दोन कान,
कानांच्या मधे दस्ता.
ती डाव्या मुठीत जराशी आवळली
की समोर काटा केसभर खाली येतो.
सोडली की वर.
एवढंच काम त्या हाताला. मला ते कमी वाटायचं.

मग पुण्याहून बायपॉड आला.
साहेबांनी खोकं स्वतः फोडलं.
दोन काळे पाय, स्प्रिंगा, रबरी टाचा नाहीत, नुसतं लोखंड.
फरशीवर लावला, पाच गोळ्या:
चार वर, पाचवी कागदातच नाही.
साहेब म्हणाले, रायफल म्हातारी झाली.

काका फरशीवर वाकले.
पायांखाली पांढरे ओरखडे,
दर गोळीला एक, दर वेळी नव्या जागी.
'उडायलंय की हे. तापल्या दगडावर कोंबडं.'
गोणपाटाची चौघडी सारली खाली.
'आता खांद्यानं रेट पुढं. जरासंच.
बैल जुवाला लागतो ना, गाडी हलायच्या आधी,
तेवढं.'
पुढच्या पाच माझ्या बांगडीत मावल्या.
बांगडी काढून कागदावर ठेवूनच पाहिली मी.
साहेब तोवर जीपमधे बसले होते.

टेकू मिळाला की नेम सुधारतो, असं मला वाटायचं.
खरं तर टेकू मिळाला की सबबी संपतात.
हात हलला म्हणता येत नाही.
उरतो श्वास, उरतं ट्रिगरवरचं बोट,
आणि आवाजाच्या आधीच मिटणारा डोळा.
माझा मिटत होता. सहा महिने मी ते
रायफलीवर ढकललं होतं.

काकांचा हात हलायला लागून तेव्हा दोन वर्षं झालेली.
चहा आधी बशीत, मग सदऱ्यावर.
बँकेत सही जुळेना म्हणून पेन्शन अडलेली.
एकदा जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना,
ते चार नंबरच्या फरशीवर पालथे पडले.
पडायलाच किती वेळ लागला.
मी पाणी आणायला गेल्यासारखं केलं, आणि थांबले.

रायफल पिशवीवर होती. त्यांच्या हातात नव्हतीच.
डावी मूठ मागच्या पिशवीवर थरथरत होती,
थरथर जिनात शिरत होती,
करडईत शिरत होती,
आणि दाण्यादाण्यात वाटली जाऊन
दस्त्यापर्यंत पोचत नव्हती.

तीन गोळ्या.
कागदावर एकच भोक, एका बाजूनं जरा फुगलेलं.
'डावीकडं गेली एक,' म्हणाले,
आणि उठवायला हात पुढं केला.
तो माझ्या हातात येईपर्यंत हलत होता.
आल्यावरसुद्धा.

आता ते मुलीकडं असतात, सेलूला.
मोठी पिशवी उंदरांनी फोडली त्या दिवाळीत,
चार नंबरपाशी दाणे सांडले,
पौषात तिथं करडई उभी राहिली,
काटेरी, पिवळी, मधेच तांबडी.
गवत काढणाऱ्याला मी सांगून ठेवलंय, तेवढी सोड.
नव्या पोरी विचारतात, मॅडम, हे कशाला?
वारा कळतो, म्हणते मी.
तेही खरंच आहे.